खुराड्यात ओल आणि वास: छपराला हात लावायच्या आधी काय काय बघायचं

मी रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर-देवरुख पट्ट्यात फॅब्रिकेशनची कामं करतो, त्यात परसातली कोंबड्यांची खुराडी बांधणं आणि दुसऱ्यांनी बांधलेली दुरुस्त करणं हे बारा महिने चालू असतं. मृगाचा पाऊस एकदा नीट लागला की फोन येतात आणि सगळ्यांचं वाक्य एकच असतं, "छप्पर गळतंय वाटतं, येऊन बघून जा." जाऊन बघितलं तर बहुतेक वेळा छप्पर धड असतं आणि पाणी भलतीकडूनच येत असतं. पत्रे बदलण्यात पैसे घालवलेली माणसं पुढच्या पावसात परत त्याच तक्रारीने फोन करतात, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय. दहा ते तीस कोंबड्यांच्या घरगुती खुराड्याबद्दलच आहे हे, मोठ्या पोल्ट्री शेडचं गणित वेगळं.

आधी लक्षणं

सकाळी दार उघडल्या उघडल्या डोळ्यांना झोंबणारा वास येतो. खालच्या तुसाची गादी काळपट पडलीय, वर खपली धरलीय, पाय ठेवला की पचपचतं. कोंबड्यांच्या नखांना विष्ठेचे वाळलेले गोळे चिकटलेत, तळव्यांना काळे डाग किंवा खपल्या आहेत. डोळ्यांतून पाणी, कोणाच्या डोळ्यात फेस, शिंका. अंडी मळकी निघतात, कमी निघतात. माश्या वाढल्यात, गादी उकरली की अळ्या दिसतात. लहान पिल्लं पिसं फुगवून, पंख पाडून कोपऱ्यात बसतात आणि त्यांची विष्ठा तांबूस किंवा रक्ताळ दिसते.

यातलं शेवटचं लक्षण असेल तर दुरुस्ती बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरला फोन करा, का ते खाली सांगतो. बाकीची दोन-तीन जुळत असतील तर पुढे वाचा आणि याच क्रमाने जा, कारण पहिल्या काही गोष्टींना एक रुपयाही लागत नाही आणि माझ्या अनुभवात अर्ध्याहून जास्त खुराडी तिथेच सुधारतात.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की करून घ्या. कोंबडीच्या विष्ठेत साधारण पाऊण हिस्सा पाणीच असतं. मोठी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम विष्ठा टाकते, म्हणजे दहा कोंबड्या असल्या तर रोज किलोभर, आणि त्यातला बराच भाग रात्री त्या आत बसलेल्या असताना पडतो. शिवाय श्वासातून वाफ जाते ती वेगळी. म्हणजे पावसाचा एक थेंब आत आला नाही तरी खुराड्यात रोज पाणी पडतंच. ते पाणी तूस शोषतं आणि वारा उडवून नेतो, ह्या दोन्ही गोष्टी चालू असतील तर खुराडं कोरडं राहतं आणि एक जरी बंद पडली तरी वास सुरू होतो. आपल्याकडे आषाढात हवाच ओलीचिंब असते, तेव्हा वाऱ्याची हालचाल जास्तच लागते. आणि नेमकं तेव्हाच लोक सगळं बंद करून टाकतात.

मूठ आणि नाक

गादीतला तूस मुठीत घ्या आणि घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. गोळा धरल्यासारखा होऊन हळूहळू सुटला तर बरोबर आहे. अजिबात धरला नाही, धूळ उडाली, तर उलट जास्तच कोरडी आहे, तसंही नको, धुळीने कोंबड्यांना खोकला होतो. गादीत ओलावा वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत चालतो, तीसच्या वर गेला की खपली धरायला लागते. टक्के मोजायचं यंत्र घरात कोणाकडे असतं, पण मूठ चांगलं सांगते.

वासासाठी उभं राहून हुंगू नका. गुडघ्यावर बसा, जमिनीपासून फूटभर वर, म्हणजे कोंबडीच्या नाकाच्या उंचीला नाक न्या आणि दोन-चार श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया, म्हणजे विष्ठेतून सुटणारा झोंबणारा वायू, जास्त झालाय. आणि रोज आत जाणाऱ्या माणसाच्या नाकाला त्या वासाची सवय होते, त्याला कळतच नाही, म्हणून शेजारच्या कोणाला तरी आत बोलवा आणि विचारा. घरच्या बाईला वास येत नाही आणि पाहुणी आलेली नणंद नाक दाबते, असं बऱ्याच घरी बघितलंय, तेव्हा पाहुणीचं खरं धरा.

हे आधी का करायचं, तर दुरुस्तीनंतर फरक पडला का हे कळायला सुरुवातीची स्थिती माहीत पाहिजे. नाहीतर नुसताच अंदाज.

ओल नेमकी कुठे आहे

ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. लोक "सगळीकडेच ओलं आहे हो" म्हणतात. सगळीकडे नसतं. एक दाताळं घ्या आणि गादी पाच-सहा जागी जमिनीपर्यंत उकरा, चारही कोपरे, पाण्याच्या भांड्याजवळ, बसायच्या दांड्याखाली, दारात. वरून ओलं आहे की खालून, हे प्रत्येक ठिकाणी बघा आणि कागदावर चौकोन काढून खुणा करा.

भांड्याभोवती गोल ओल असेल तर भांडंच कारण. दांड्याखाली पट्टा असेल तर कोंबड्या जास्त आहेत किंवा गादी हलवली जात नाही. एकाच भिंतीलगत पट्टा असेल तर बाहेरून झड किंवा पागोळीचं पाणी येतंय. वर कोरडं आणि तळाशी ओलं असेल तर जमिनीतून ओल वर चढतेय. आणि एका रेषेत ठिपके-ठिपके ओले असतील, म्हणजे पत्र्याच्या स्क्रूंच्या खाली बरोबर, तरच छपराकडे बघा. हा कागद हातात असला की पुढचं निम्मं काम झालं, आणि मला फोन केलात तरी मी पहिल्यांदा हेच विचारणार.

पाण्याचं भांडं

भांडं जमिनीवर ठेवलेलं असेल तर कोंबड्या त्यात तूस उकरतात, पाय देतात, पाणी सांडतं. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला पाहिजे, म्हणजे तिला मान थोडी वर करून प्यावं लागेल. दोन विटा किंवा चिऱ्याचा तुकडा खाली ठेवा, पिल्लं मोठी होतील तशी उंची वाढवा. उघडं घमेलं किंवा जुनं पातेलं असेल तर ते काढाच, बाजारात उलटी बाटली बसणारं प्लॅस्टिकचं भांडं स्वस्तात मिळतं. ते सपाट जागी ठेवा, जरासं तिरकं असलं तरी एका बाजूने सतत झिरपत राहतं. निप्पल, म्हणजे चोच लावली की थेंब सोडणारी तोटी, लावलेल्यांनी रात्री निप्पलखाली कोरडा कागद ठेवून सकाळी बघा, एक थेंब एक थेंब गळत असतं ते दिवसा दिसत नाही.

जागा असेल तर पावसाळ्यात भांडं खुराड्याच्या आत नकोच. दिवसा कोंबड्या बाहेर पडवीत किंवा जाळीच्या आवारात असतात तिथे पाणी द्या. रात्री अंधारात कोंबडी पाणी पीत नाही. पहाटे दार लवकर उघडायला मात्र लागेल.

खाणं

कोकणात हे फार घडतं म्हणून सांगतो. घरातलं उरलंसुरलं कोंबड्यांना टाकतात, त्यात सुकट, बांगड्याची डोकी, खारवलेलं, लोणच्याचा खार, मीठ घातलेली पेज, सगळं जातं. मीठ जास्त पोटात गेलं की कोंबडी दुप्पट पाणी पिते आणि विष्ठा पातळ टाकते. मग तुम्ही छप्पर बदला नाहीतर गादी बदला, ओल राहणारच. आठ दिवस खारट काही देऊ नका आणि विष्ठा बघा, पांढऱ्या टोपीचा घट्ट गोळा पडायला पाहिजे. तरीही पातळच राहिली तर तो आजार असू शकतो, ते डॉक्टरने बघायचं.

खाद्याचं पोतं खुराड्यात ठेवू नका. दमट हवेत मक्याला बुरशी धरते आणि ती बुरशी कोंबडीच्या लिव्हरला मारते. बुरशी धरलेला मका वाळवून घालतात लोक, तसं करू नका, वाळवल्याने त्यातलं विष जात नाही.

गादी

पावसाळ्याआधी तुसाची गादी चार ते सहा इंच जाडीची पाहिजे. बहुतेक ठिकाणी इंच-दीड इंच असते, ती दोन दिवसांत भिजते. तूस गिरणीतून आणताना कोरडा आणा, हातात घेऊन हुंगा, कुबट वास आला तर घेऊ नका, बुरशीच्या तुसाने पिल्लांना छातीचा आजार होतो आणि त्याच्यावर चांगलं औषध नाही. लाकडाचा भुसा चालतो पण ओल्या लाकडाचा नको. पेंढा अख्खा टाकला तर थर धरतो आणि खाली कुजतो, घालायचाच तर बारीक कापून घाला.

आणि हलवा. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा चालतं, पावसाळ्यात रोज, कोंबड्या बाहेर सोडल्यावर दाताळ्याने खालवर करायची. खपली धरली की खालचा कोरडा तूस काही उपयोगाचा राहत नाही, पाणी वरच थांबतं. घट्ट थापी झालेला भाग फोडत बसू नका, उचलून उकिरड्यावर टाका आणि तिथे कोरडा तूस घाला. परसात नारळ-सुपारी असेल तर हे चांगलं खत आहे पण ताजं थेट मुळाशी घालू नका, कुजवून घाला.

चुन्याबद्दल. चुना टाकतात सगळे, मीही सांगतो, पण कसा ते नीट ऐका. विझवलेल्या चुन्याची कोरडी भुकटीच, कळीचा चुना कधीच नको, तो ओलाव्याने तापतो आणि पाय भाजतात. आणि चुना टाकल्यावर पहिले काही तास वास कमी न होता वाढतो, कारण चुन्यामुळे गादीतला अमोनिया सुटून वर येतो. म्हणून सकाळी कोंबड्या बाहेर काढून, दारं-जाळ्या उघडून, चुना भुरभुरून गादी हलवायची आणि वास गेल्यावर संध्याकाळी कोंबड्या आत घ्यायच्या. कोंबड्या आत असताना, वरून ताडपत्री बांधलेली असताना चुना टाकला तर त्यांचे डोळे जातील. ओल येण्याचं कारण काढलं नाही तर चुन्याने चार दिवस ढकलले जातात, बाकी काही नाही.

किती कोंबड्या

दारावर येणाऱ्या गाडीवाल्याकडून पिल्लांच्या दोन पाट्या घेतल्या, पाच-सहा कोंबड्या आधीच्या, आणि खुराडं तेवढंच, असं होतं. रात्रीपुरत्या आत राहणाऱ्या मोठ्या गावरान कोंबडीला किमान दोन चौरस फूट धरा, पावसात दिवसभर कोंडून ठेवणार असाल तर तीन. गिरिराज, वनराज ही अंगाने मोठी, त्यांना जास्तच. पाच बाय सहाचं खुराडं असेल तर दहा कोंबड्या, फार तर बारा-पंधरा, त्याच्या वर गेलात तर कुठलीच दुरुस्ती टिकणार नाही आणि हे मी तोंडावर सांगतो, लोकांना आवडत नाही तरी. कोंबडे विका, पावसाआधी विका.

बसायला दांडा लावा, कोंबडीमागे आठ-दहा इंच, आणि दांड्याखाली एक फळी किंवा जुना पत्रा. रात्रीची विष्ठा त्यावर पडते, सकाळी खरवडून बादलीत काढली की गादीवर निम्मा भार कमी. शंभर-दोनशे रुपयांच्या सामानात होणारी ही सुधारणा मला सगळ्यात जास्त आवडते आणि सगळ्यात कमी लोक करतात.

हवा

इथे जरा थांबतो, कारण खुराडी बिघडतात ती इथेच.

पाऊस आत येतो म्हणून चारही बाजूंना निळी ताडपत्री जमिनीपासून छपरापर्यंत गच्च बांधतात. प्रेमापोटीच करतात, कोंबड्या गारठतील म्हणून. पण कोंबडीला पिसं आहेत, कोरडी असली तर आपल्याकडचा पावसाळ्यातला गारवा तिला काहीच करत नाही, तिला मारतो तो अमोनिया आणि ओल. बंद खुराड्यात रात्रभर वाफ साठते, ती थंड पत्र्याला खालून लागून तिचं पाणी होतं आणि पहाटे टपटप पडतं. माणूस सकाळी बघतो, पत्रा ओला, थेंब पडतायत, म्हणतो गळतंय. मग अजून एक ताडपत्री. दुसऱ्या दिवशी अजून पाणी.

हे ओळखायचं कसं? पाऊस नसलेल्या रात्रीनंतर पहाटे बघा. पाऊस पडला नाही तरी पत्र्याच्या आतल्या बाजूला थेंब असतील तर ती गळती नाहीच, आतलीच वाफ आहे. असे थेंब सगळ्या पत्र्यावर सारखे असतात, गळतीचे एका जागी असतात.

उपाय फुकट आहे. ताडपत्री खालून वर बांधायची, म्हणजे खालची कड पक्की आणि वरची मोकळी, आणि छपराखाली किमान फूटभर पट्टी कायम उघडी, चांगली जाळी लावून. गरम ओली हवा वर जाते आणि तिथून निघते. ताडपत्री वर अडकवून खाली सोडली की उलटं होतं, खालून कोंबडीच्या अंगावर वारा आणि वर वाफ कोंडलेली. ज्या बाजूने झड येते ती बाजू झाकायची, आपल्याकडे बहुतेक नैऋत्येची, समोरची उघडी ठेवायची. दोन्हीकडून झड येणारी जागा असेल तर छपराची वळचण वाढवायला लागेल, ते पुढे. जुने लोक माडाची झापं बांधायचे, त्यातून पाणी अडतं आणि हवा खेळते, अजूनही ताडपत्रीपेक्षा झाप बरी असं माझं मत आहे.

एवढं करून चार-पाच दिवस थांबा. रोज मूठ दाबून बघा. माझ्याकडचे बरेच फोन इथे संपतात.

बाजूने येणारं पाणी

पाऊस जोरात असताना छत्री घेऊन बाहेर उभे रहा आणि नुसतं बघा, दहा मिनिटं. पागोळी कुठे पडते, पडून उडालेलं पाणी भिंतीवर किती वर येतं, अंगणातलं पाणी कुठून वाहत येतं. ही तपासणी कोरड्या दिवशी होत नाही.

वळचण एक फुटाची असेल तर आपल्या पावसाला ती पुरणार नाही. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलीमीटर पडतो, तोही वाऱ्याबरोबर आडवा. तीन फूट वळचण पाहिजे, चार मिळाली तर उत्तम. पत्र्याचे जादा तुकडे आणि दोन अँगल यात हे काम होतं. पागोळी पडते त्या रेषेत चर खणा, वीतभर खोल, उताराकडे काढून द्या आणि त्यात खडी किंवा चिऱ्याचे तुकडे टाका म्हणजे पाणी उडणार नाही. वरच्या बाजूला चढ असेल तर खुराड्याच्या पाठीमागेही चर पाहिजेच, नाहीतर सगळ्या परसाचं पाणी भिंतीला येऊन टेकतं.

बाजूची भिंत जमिनीपासून फूटभर तरी भरीव पाहिजे, वर जाळी. जाळी लावतानाच सांगतो, ती षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला आणि कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. खालच्या तीन फुटांना आणि वरच्या उघड्या पट्टीला अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेली जाड तारेची चौकोनी जाळी, लावा. हवेसाठी पट्टी उघडली आणि तिथून बोका आला तर लोक परत ताडपत्री बांधतात, म्हणून हे इथेच लिहिलं.

आता छप्पर

एवढं सगळं बघून झाल्यावरच. कोरड्या दिवशी एक जण आत उभा राहील, एक जण बाहेरून पाइपने पाणी सोडेल. खालच्या कडेपासून सुरू करा, दोन-तीन मिनिटं एका पट्ट्यावर, मग वर सरका. एकदम वरून सोडलं तर पाणी कुठून शिरलं ते कळत नाही, कारण पत्र्याखाली ते रिपेवरून वाहत जाऊन भलतीकडे पडतं.

बहुतेक वेळा दोष स्क्रूत असतो. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर पाहिजे, खळग्यात मारला तर पाणी त्याच्यावरूनच वाहतं आणि वायसर कितीही चांगला असला तरी दोन पावसात गळणार. रबरी वायसर उन्हाने कडक होऊन तडकतात, ते बदलणं स्वस्त आहे. जुनं भोक मोठं झालं असेल तर एक साइज मोठा स्क्रू घ्या, नुसतं डांबर फासू नका. पत्र्यावर पत्रा चढवताना बाजूने दीड नागमोड, म्हणजे पत्र्याची दीड लाट, आणि खालीवर किमान सहा इंच पाहिजे, आपल्या पावसाला मी नऊ ठेवतो. उतार चार फुटाला एक फूट तरी. सपाट छपरावर पाणी थांबतं आणि वाऱ्याने उलटं वर ढकललं जातं.

कौलारू असेल तर फुटकं कौल आतून उजेडाने दिसतं, दिवसा दार लावून आत बसा आणि वर बघा.

सिमेंटच्या पत्र्यावर चढू नका. पावसात शेवाळ धरतं आणि जुना पत्रा माणसाच्या वजनाने सरळ फुटतो, हे खुराड्याइतक्या कमी उंचीवरही पाय मोडायला पुरेसं आहे. शिवाय जुन्या सिमेंट पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ते कापताना-भोक पाडताना धूळ उडते ती फुप्फुसाला घातक. भोक पाडण्याचं काम असेल तर करणाऱ्या माणसाला बोलवा.

जमिनीतून येणारी ओल

गादी बाजूला करून दोन फूट चौकोनी प्लॅस्टिक जमिनीवर पसरा, चारही कडा चिकटपट्टीने किंवा मातीने बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला पाणी असेल तर जमिनीतून येतंय. वरच्या बाजूला असेल तर हवेतली वाफ, परत हवेच्या भागाकडे जा.

सारवलेली जमीन पावसाळ्यात ओल धरतेच. चिऱ्याची भिंतही धरते, जांभा दगड सच्छिद्र, बाहेरून प्लास्टर नसेल तर आत ओल येते, तेव्हा बाहेरच्या बाजूने खालचे दोन फूट तरी सिमेंटचा गिलावा करा, आतून केला तर उपयोग होत नाही. घुशींची बिळं शोधा. घूस बाहेरून खुराड्याखाली पोखरते आणि त्या भुयारातून पावसाचं पाणी थेट गादीखाली येतं, कोपऱ्यातच अचानक ओल दिसते ती याचीच. बिळात चिऱ्याचे तुकडे आणि फुटक्या बाटल्यांच्या काचा ठासून वरून काँक्रीट टाकावं लागतं, नुसती माती लोटून ती दोन दिवसांत परत उघडते. काच हाताळताना जाड हातमोजे घाला.

जोतं भोवतालच्या जमिनीपेक्षा फूट-दीड फूट वर नसेल तर खरा इलाज तोच, जोतं उचलणं. भर, खडी, जाड प्लॅस्टिक, वर कोबा. भर पावसात कोबा वाळत नाही, तेव्हा हे काम दिवाळीनंतर करा आणि तोपर्यंत गादी जाड ठेवून दिवस काढा. दहा-बारा कोंबड्याच असतील तर मी जमिनीवरचं खुराडं सोडून सरळ मचाण करायला सांगतो, दोन-अडीच फूट उंच अँगलचा सांगाडा, बांबूच्या पट्ट्यांची किंवा एक इंची वेल्डमेशची जमीन, विष्ठा खाली पडते. खालची जागा आठवड्याला झाडायला लागते आणि जाळीवर तारेची टोकं राहिली असतील तर पायाला जखमा होतात, ती घासून घ्या.

आणि जागाच खोलगट असेल, झाडाखाली अंधारात, ऊन कधीच न येणारी, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. खुराडं हलवा. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा.

कधी थांबायचं

पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना. ओल्या उबदार गादीत रक्ती हगवणीचे जंतू एक-दोन दिवसांत रोग लावण्याजोगे तयार होतात आणि तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं पटापट जातात. औषध पाण्यातून देतात पण कुठलं आणि किती ते डॉक्टरने सांगायचं, दुकानातून अंदाजाने आणू नका.

मान वाकडी, हिरवी पातळ विष्ठा, लकवा मारल्यासारखं दिसलं तर ती मानमोडी असू शकते, तिचा ओलीशी संबंध नाही आणि झाल्यावर इलाज नाही, लस आधी द्यावी लागते. आणि दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या अचानक मेल्या तर मेलेल्या उघड्या हाताने उचलू नका, ओढ्यात टाकू नका, कोणाला विकू-वाटू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तो देशातला पहिला, तेव्हापासून अशी मर दडवणं हा सगळ्या गावावर घातलेला घाला आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर १९६२. फोन करताना किती कोंबड्या, वय काय, कधीपासून, कुठली लस कधी दिली हे लिहून ठेवा, डॉक्टर तेच विचारतात.

आत बल्ब लावलाय आणि वायर ओल्या भिंतीवरून गेलीय, जाळीला हात लावला की झिणझिण्या येतात, तर मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. खुराड्याचं सगळं लोखंड आहे, ओल आहे, आणि मुलं अंडी काढायला हात घालतात. स्वतः टेप गुंडाळून चालवू नका. करून घेणार असाल तर तीस मिलीअँपियरचा ब्रेकर, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा, बसवूनच घ्या.

गादीखाली किंवा अंड्यांच्या खोक्यात साप दिसला, आणि पावसात उंदरांच्या मागे येतोच, तर काठी घेऊन उकरू नका. दार लोटून लांब व्हा, गावातल्या सर्पमित्राला किंवा वनखात्याला १९२६ वर कळवा. मुंगूस असो की अजगर, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे, फासे लावू नका, जाळीच नीट करा.

खांब किंवा अँगल तळाशी गंजून पोकळ झालेत, हलवलं की छप्पर डुलतं, असं असेल तर वर उल्लेखलेलं एकही काम सुरू करू नका, वळचण वाढवणं तर नाहीच, कारण वाढीव पत्रा वाऱ्यात जास्त ओढ घेतो. आधी फॅब्रिकेटरकडून खांब बदलून घ्या, कोंबड्या तेवढे दिवस पडवीत पाट्यांखाली झाकून राहतील.